एका तबकडीची सत्ता : 'टार्बोल्टन' रील आणि मुद्रणाबाहेर राहिलेले वादक

१

आयरिश लोकसंगीताच्या चर्चेत १९३४ हे साल वारंवार येते. त्या साली न्यूयॉर्कमध्ये मायकेल कोलमन या फिडलवादकाने डेक्का कंपनीसाठी 'टार्बोल्टन', 'लाँगफर्ड कलेक्टर' आणि 'सेलर्स बॉनेट' या तीन रील सलग वाजवल्या आणि तबकडीच्या एकाच बाजूवर त्या मुद्रित झाल्या. या घटनेला नव्वद वर्षे उलटून गेली. आजही आयरिश वादक जमले आणि कुणी 'टार्बोल्टन' सुरू केली, की तिच्यामागून उरलेल्या दोन त्याच क्रमाने येणार हे बाकीच्यांनी धरूनच ठेवलेले असते. तसे कुणी सांगावे लागत नाही. एका वादकाने एका दिवशी केलेली निवड आता परंपरा म्हणून ओळखली जाते.

परंपरा म्हणजे नक्की कुणाची निवड? आणि ज्यांची निवड कुठेही नोंदली गेली नाही त्यांचे काय झाले? या लेखात मला एवढेच विचारायचे आहे. प्रश्न संगीताचा दिसतो, पण तो इतिहासलेखनाचा आहे, आणि इतिहासलेखन कुणाच्या हाती असते हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. माझे प्रतिपादन असे, की एखाद्या धुनेचा मुद्रित इतिहास हा त्या धुनेचा इतिहास नसतो. यंत्रापर्यंत कोण पोचू शकले, कुणाला पोचू दिले गेले आणि कुणाचे वादन मुद्रित होऊनही कपाटात राहिले, याचा तो इतिहास असतो. 'टार्बोल्टन'च्या निमित्ताने ही तपासणी करता येते.

२

प्रथम वस्तू नीट पाहू. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, लोकवादनातले त्याचे नाव वेगळे. रील हा नाचाच्या धुनेचा प्रकार आहे. चार मात्रांच्या आवर्तनात आठ द्रुत स्वर, आठ आवर्तनांचा एक चरण, आणि साधारणपणे असे दोन चरण. नाचणारे थांबेपर्यंत त्यांची आवृत्ती चालू राहते. ही धून बसून ऐकण्यासाठी जन्मली नाही. दिवसभर शेतात राबलेल्या माणसांचे पाय रात्री कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या फरशीवर जो ताल धरत, त्या तालासाठी ती जन्मली.

'टार्बोल्टन'च्या नावातच पहिली अडचण आहे. टार्बोल्टन हे गाव आयर्लंडमध्ये नाही. ते स्कॉटलंडच्या एअरशायरमध्ये आहे. कवी रॉबर्ट बर्न्सने १७८० साली मित्रांबरोबर तेथे तरुणांचे एक चर्चामंडळ काढले होते आणि पुढच्याच वर्षी तेथल्या फ्रीमेसन मंडळात तो दाखल झाला. स्कॉटिश धूनसंग्रहांत ही रील 'टार्बोल्टन लॉज' या नावाने येते. ज्या धुनेला आयरिश आत्म्याचा उद्गार म्हणून गौरवले जाते, तिच्या कपाळावर समुद्रापलीकडच्या एका गावाचे नाव लिहिलेले आहे.

हा समुद्र धुनांनी कसा ओलांडला? छापील संग्रह होते, नाचाचे शिक्षक होते, सैन्यातले वादक होते. पण सर्वांत मोठी वाट मजुरांची होती. डोनेगल आणि मेयो भागातले गरीब शेतकरी, त्यांची मुले-मुली, पिढ्यान्‌पिढ्या बटाट्याच्या काढणीसाठी हंगामी मजूर म्हणून स्कॉटलंडला जात. मजुरांना गोठ्यात नाहीतर पत्र्याच्या, लाकडाच्या खोपटांत झोपावे लागे. १९३७ साली कर्किंटिलोक येथे अशाच एका खोपटाला आग लागली आणि मेयोच्या अकिल बेटावरचे दहा तरुण मजूर जळून मेले. या वाटेवरून माणसे पैसे घेऊन परतत, तशा धुनाही घेऊन परतत. एखाद्या विशिष्ट रीलने नेमकी हीच वाट धरली असे पुराव्याशिवाय म्हणू नये. परंतु दोन देशांच्या धुना इतक्या एकमेकींत मिसळल्या, त्याच्या मागे हे श्रमिकांचे येणे-जाणे आहे हे नाकारता येणार नाही. राष्ट्रीय आत्म्याच्या गोष्टी सांगणारे समीक्षक या खोपटांविषयी फारसे बोलत नाहीत.

३

आता तबकडीकडे येऊ. आयरिश वादकांच्या तबकड्या काढाव्यात असे अमेरिकन कंपन्यांना आपणहून फारसे वाटलेले नव्हते. १९१६ साली न्यूयॉर्कमधील एलन ओबर्न डिविट या दुकानदार बाईने कोलंबिया कंपनीकडे आग्रह धरला. गिऱ्हाईक आयरिश संगीत मागते आणि माझ्याकडे विकायला काही नाही, ही तिची तक्रार. पाचशे प्रती मी स्वतः घेईन अशी हमी तिने दिली, तेव्हा अकॉर्डियनवादक एडी हर्बर्न आणि बँजोवादक जेम्स व्हीलर यांची तबकडी निघाली. त्या प्रती खपल्या आणि कंपन्यांचे डोळे उघडले. घर सोडून आलेल्या कामगारांच्या आणि मोलकरणींच्या खिशातले पैसे आणि त्यांच्या मनातली ओढ यांवर एक बाजारपेठ उभी राहिली.

या बाजारपेठेने मायकेल कोलमनला मोठे केले. त्याचा जन्म १८९१ साली स्लायगो परगण्यातल्या किलाव्हिल भागात, लहान शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील बासरी वाजवत आणि त्यांच्या घरी वादकांचा राबता असे. १९१४ साली तो अमेरिकेला गेला. तेथे रंगमंचावरच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत वाजवू लागला. १९२१ ते १९३६ या काळात त्याच्या सुमारे ऐंशी बाजू मुद्रित झाल्या. १९४५ साली तो न्यूयॉर्कमध्येच वारला. तो कुणी सरंजामदार नव्हता हे लक्षात घेतले पाहिजे. तोही पोटासाठी देश सोडलेला माणूस होता. त्याच्या तबकडीची सत्ता तपासताना त्याच्या माणूसपणावर अन्याय होता कामा नये.

१९२९ च्या मंदीने तबकड्यांचा धंदा जवळजवळ बुडवला होता. १९३४ साली डेक्का कंपनी अमेरिकेत उभी राहिली आणि तिने पस्तीस सेंटला, म्हणजे इतर कंपन्यांच्या नामांकित तबकड्यांच्या निम्म्याहून कमी किमतीत, तबकडी विकायला सुरुवात केली. 'टार्बोल्टन'ची तबकडी या स्वस्ताईच्या पहिल्याच वर्षातली आहे. ती इतक्या घरांत पोचली याचे श्रेय कलेला द्यावे तेवढेच या किमतीलाही दिले पाहिजे.

मी ही तबकडी पुष्कळदा ऐकली आहे आणि तिच्या मोठेपणाविषयी मला शंका नाही. 'टार्बोल्टन'चा स्वरसमूह आपल्या काफी थाटाशी जुळतो. गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. 'लाँगफर्ड कलेक्टर'ही त्याच मेळात, त्याच षड्जावर चालते. तिसरी 'सेलर्स बॉनेट' येते आणि एकदम खिडकी उघडल्यासारखे वाटते, कारण ती बिलावलच्या अंगाची आहे. परंतु मौज अशी, की वापरातले स्वर बदललेलेच नाहीत. पहिल्या दोन रीलींचा कोमल निषाद हा तिसरीचा षड्ज होतो. स्वर तेच राहतात, घर बदलते. ज्यांना मूर्च्छना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल. कोलमन ही जागा घेताना थांबत नाही, इशारा देत नाही. गजाच्या त्याच ओघात तो दार ओलांडतो. त्याच्या वादनातील गिरक्या, म्हणजे मूळ स्वराला वरच्या आणि खालच्या स्वराचा चटकन स्पर्श देऊन घेतलेली वळणे, दागिन्यांसारख्या वरून चढवलेल्या वाटत नाहीत. लयीचा धक्का त्यांतूनच निर्माण होतो. त्याच्या अनेक तबकड्यांवर साथीचा पियानो धुनेचा मेळ न ओळखता भलतेच स्वरसंघ ठोकत राहतो, आणि तरीही फिडल आपली वाट सोडत नाही.

म्हणून मी असे म्हणणार नाही की ही तबकडी केवळ बाजाराच्या जोरावर मोठी झाली. ती चांगली आहे. प्रश्न चांगलेपणाचा नाहीच. चांगले वादन त्या काळी आयर्लंडच्या अनेक परगण्यांत होते. त्यातले एक प्रमाण ठरले आणि बाकीची बोली ठरली. हे कसे झाले, हा प्रश्न आहे.

४

अमेरिकेतले नातेवाईक घरी पैसे पाठवत, कपडे पाठवत, त्यांबरोबर तबकड्याही पाठवत. गावात एखाद्या घरी ग्रामोफोन असे आणि तेथे लोक जमत. तोपर्यंत एका परगण्याची गज ओढण्याची रीत दुसऱ्या परगण्याहून वेगळी होती. केरीच्या डोंगराळ भागातला वादक, क्लेअरचा, डोनेगलचा, प्रत्येकाची चाल त्याच्या मातीतल्या नाचाने घडवलेली. आता न्यूयॉर्कहून आलेला स्लायगोचा आवाज सगळीकडे एकाच वेळी वाजू लागला. तो कंपनीच्या शिक्क्यासह आला होता, अमेरिकेहून आला होता, आणि कितीही वेळा लावला तरी तसाच्या तसा वाजत होता. गावातला म्हातारा वादक रोज थोडा वेगळा वाजवी. यंत्र कधी वेगळे वाजवत नसे. न बदलणारे ते बरोबर आणि बदलणारे ते चुकीचे, ही कल्पना येथूनच रुजली असे मला वाटते.

यंत्राने आणखी एक गोष्ट केली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. नाचात एकच रील पाय थकेपर्यंत चाले. तीन मिनिटांत ऐकणाऱ्याचे मन धरून ठेवायचे तर दोन-तीन रील थोड्या थोड्या वाजवून जोडाव्या लागतात. मेणाच्या थाळीवर किती मावते या अडचणीतून जो क्रम घडला, तो पुढे वारसा म्हणून जपला गेला. परंपरेतल्या किती गोष्टी अशा कुणाच्या तरी यंत्राच्या, कुणाच्या तरी गल्ल्याच्या सोयीने ठरलेल्या असतात, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

या तबकड्यांविषयी प्रस्थापित समीक्षेत दोन भूमिका आढळतात. एक गट म्हणतो, कोलमनने आयरिश संगीत वाचवले. दुसरा म्हणतो, कोलमनच्या तबकड्यांनी स्थानिक शैली मारल्या. दोन्ही भूमिकांत एक समान खोट आहे. दोघेही सारे श्रेय किंवा सारा दोष एका वादकाला आणि एका यंत्राला देतात. ज्या जागांत ते स्थानिक संगीत जगत होते त्या जागांचे काय झाले, हे दोघेही विचारीत नाहीत.

त्याचे उत्तर १९३५ सालात आहे. त्या साली आयरिश राज्याने सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा केला. नाचासाठी परवाना आवश्यक झाला. कायद्याच्या शब्दांत घरगुती नाच बसतो की नाही याविषयी संदिग्धता होती, पण गावोगावच्या पाद्र्यांनी आणि पोलिसांनी त्याचा वापर घरातले नाच बंद पाडण्यासाठी केला. नीतीची काळजी हे कारण सांगितले गेले. ज्या स्वयंपाकघरांत 'टार्बोल्टन'सारखी धून दर वेळी नवी होत असे, तीच बंद झाली. मग यंत्रावरची धून एकटी उरली, तर दोष यंत्राचा किती?

आणि त्याच १९३५ साली त्याच राज्याने आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन केला. गावातले नाच बंद पाडणारा कायदा आणि गावातली लोकविद्या गोळा करणारी संस्था, दोन्ही एकाच वर्षी. यात मला विसंगती दिसत नाही. लोकांचे जगणे आवरायचे आणि त्या जगण्याचे नमुने जपून ठेवायचे, ही सत्तेची जुनी जोडकामे आहेत.

५

या आयोगाच्या माणसांनी मात्र पुढे एक असे काम केले, जे कंपन्यांनी केले नव्हते. मुद्रणयंत्र घेऊन ते अशा वादकांपर्यंत गेले ज्यांच्याकडे बाजार कधी वळला नसता.

डोनेगलमध्ये डोहर्टी नावाचे एक कुटुंब होते. टिनपत्र्याची भांडी घडवणे, फुटक्या भांड्यांना डाग लावणे, माल घेऊन गावोगाव फिरणे हा त्यांचा व्यवसाय, आणि त्याबरोबर फिडल. मिकी आणि जॉन हे त्यातले दोन भाऊ. फिडलही ते पत्र्याची करून देत. ज्याला लाकडी वाद्य परवडत नसे त्याच्या हाती पत्र्याचे वाद्य येई आणि तेही वाजे. जॉनविषयी असे सांगतात, की तो पुष्कळदा स्वतःचे फिडल न घेताच फिरे. ज्या घरी मुक्काम, त्या घरचे वाद्य. रात्री वाजवायचे, शिकवायचे, सकाळी पुढच्या गावाला निघायचे. धुना एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेण्याचे काम ही माणसे करीत होती. तबकडीच्या आधी हेच तिथले प्रसारण होते, आणि ते पायी चालत होते.

त्यांच्या वादनाची जात कोलमनहून वेगळी. गिरक्या कमी. गजाचे छोटे, तुटक, वेगळे वेगळे आघात. स्कॉटिश धुनांची मोठी शिदोरी. जॉन डोहर्टीने स्कॉटिश वादक स्कॉट स्किनरच्या तबकड्याही कान देऊन ऐकल्या होत्या. म्हणून या वादकांना आधुनिकतेचा स्पर्श न झालेले भाबडे लोक समजणे ही दुसरी फसवणूक आहे. तेही ऐकत होते, निवडत होते, टाकून देत होते. फक्त त्यांची निवड प्रमाण ठरली नाही.

मिकी डोहर्टीचे वादन आयोगाने १९४९ साली मुद्रित केले. ते लोकांच्या हाती आले १९९० साली, 'द ग्रॅव्हल वॉक्स' या नावाने. त्याच्या मृत्यूला तेव्हा वीस वर्षे झाली होती. मुद्रण आणि प्रकाशन यांमध्ये एक्केचाळीस वर्षे.

दुसरे उदाहरण फिडलचे नाही, पण त्याच कपाटातले आहे. जॉनी डोरन हा आयरिश भटक्या समाजातला वादक. कोपराखाली भाता दाबून वाजवायचे इलिअन पाइप्स हे त्याचे वाद्य. गाडीघरात राहायचे, जत्रेत, शर्यतींच्या मैदानावर वाजवायचे. डब्लिनमधील फिडलवादक आणि दुकानदार जॉन केली यांच्या आग्रहामुळे १९४७ साली आयोगाने त्याचे वादन मुद्रित केले. पुढच्याच वर्षी जानेवारीत डब्लिनमध्ये त्याच्या गाडीघरावर भिंत कोसळली आणि तो जायबंदी झाला. १९५० साली तो वारला. त्याच्या वादनाची मुद्रणे एवढीच आहेत. तीही सर्वांसाठी प्रकाशित झाली ती १९८८ साली. येथेही एक्केचाळीस वर्षे.

कोलमनची तबकडी मुद्रित झाली की काही आठवड्यांत दुकानात येई. या दोघांना चार दशके थांबावे लागले. आयोगाने मुद्दाम दडपले असा आरोप मी करीत नाही. संग्रह हे त्याचे काम होते, विक्री नव्हे. आयोगाची माणसे गेली नसती तर डोरन आज ऐकूच आला नसता. परंतु या चार दशकांतच आयरिश संगीताचे पुनरुज्जीवन झाले. १९५१ साली स्थापन झालेल्या कोलतास केओल्तोरी एरन या संस्थेच्या स्पर्धा सुरू झाल्या, गुण देण्याची मोजमापे ठरली, प्रमाण वादन कोणते यावर एकमत बनत गेले. मोजमापे ठरत असताना मिकी डोहर्टी कपाटात होता आणि कोलमन प्रत्येकाच्या कानात होता. निकाल आधीच लागलेला होता.

आणि त्याच काळात भटक्या समाजाकडे राज्य कसे पाहत होते? १९६३ साली भटकेपणाविषयी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. भटके जीवन ही एक समस्या आणि स्थिर समाजात त्यांना विरघळवून टाकणे हा तिच्यावरचा उपाय, असा त्याचा सूर होता. ज्यांच्याविषयी अहवाल होता त्यांच्यापैकी एकही जण त्या आयोगावर नव्हता. या समाजाला स्वतंत्र वांशिक समूह म्हणून आयरिश राज्याची मान्यता मिळाली ती थेट २०१७ साली. धुना राष्ट्राच्या आणि वादक राष्ट्राची अडचण, अशी ही वाटणी होती. (डोहर्टी कुटुंबाला भटक्या समाजातच मोजावे की पत्र्याचे काम करणारे फिरस्ते कारागीर म्हणून वेगळे ठेवावे, याविषयी मतभेद आहेत. आणि तेथल्या प्रश्नावर आपल्या जातिव्यवस्थेची चौकट जशीच्या तशी ठोकून बसवणेही योग्य नाही. बहिष्काराची रीत प्रत्येक समाजात वेगळी असते आणि ती वेगळी म्हणूनच अभ्यासली पाहिजे.)

६

मग 'टार्बोल्टन' ऐकायची की नाही? जरूर ऐकायची. कोलमनला खाली ओढून डोहर्टीला वर चढवणे हा माझा हेतू नाही. एका मूर्तीच्या जागी दुसरी मूर्ती बसवल्याने देव्हारा तसाच राहतो. माझे म्हणणे ऐकण्याच्या पद्धतीविषयी आहे.

तबकडीच्या शिक्क्यावर धुनेच्या कर्त्याच्या जागी बहुधा 'पारंपरिक' असा शब्द असतो. हा शब्द नम्र वाटतो, पण तो फार काही गिळतो. स्कॉटलंडच्या खोपटात निजलेला मजूर, पत्रा ठोकून रात्री फिडल वाजवणारा कारागीर, आपल्या स्वयंपाकघरात नाच होऊ देणारी आणि त्यासाठी पाद्र्याचे बोल खाणारी बाई, हे सगळे त्या एका शब्दात नाहीसे होतात. उरतो तो यंत्रासमोर उभा राहिलेला एक वादक आणि शिक्क्यावरची कंपनी. ज्याचे नाव कुणी लिहिले नाही त्याला पारंपरिक म्हणायचे, हा व्यवहार सोयीचा आहे. पण सोय कुणाची?

कोणतेही मुद्रण हाती आले की समीक्षकाने चार गोष्टी विचारल्या पाहिजेत. यंत्राचे पैसे कुणी दिले? वादक यंत्रापर्यंत कसा आला? मुद्रण आणि प्रकाशन यांत किती वर्षे गेली, आणि त्या वर्षांत काय ठरून गेले? आणि ही धून जिथे जगत होती ती जागा आज उघडी आहे की बंद? या प्रश्नांशिवाय केलेली संगीतसमीक्षा कितीही रसिक असली तरी ती विजेत्यांच्या यादीवर सही करण्यापलीकडे जात नाही.

आज 'द ग्रॅव्हल वॉक्स' कुणालाही मिळू शकते. तरुण वादक मिकी डोहर्टीचे तुटक आघात शिकत आहेत आणि डोनेगलची शैली आता उणी मानली जात नाही. हे घडले कारण काही माणसे मुद्रणयंत्र घेऊन त्याच्यापर्यंत गेली आणि काहींनी, उशिरा का होईना, कपाट उघडले. ज्यांच्यापर्यंत कुणीच गेले नाही त्यांची संख्या मात्र कुठल्याच संग्रहात सापडणार नाही. 'टार्बोल्टन'च्या त्या तीन मिनिटांत मला कोलमन ऐकू येतो, आणि त्याच्याबरोबर ही मोजदाद न झालेली माणसेही आठवतात. त्यांना विसरून त्या धुनेला आयर्लंडचा आत्मा म्हणणे मला मान्य नाही.